खासगी शाळेची फी आणि पाळणाघराचा खर्च: मदत कुठून मिळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी लागला की आमच्या रविवारच्या मदत टेबलासमोर प्लास्टिकच्या पिशव्या घेतलेल्या पालकांची रांग लागते. पिशवीत रेशनकार्ड, जन्मदाखला, लाइट बिल आणि घडीवर फाटत आलेलं कुणाचं तरी जातीचं प्रमाणपत्र. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "आम्हाला बसतं का?" बहुतेकांना काही ना काही बसतं. अडतं ते कागदावर, आणि कागदापेक्षाही जास्त कागदावरच्या तारखेवर.

खालचे प्रश्न टेबलावर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा आलेले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या पालकांसाठी आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे तीच गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

१. खासगी शाळेची फी सरकार भरतं म्हणे. खरं आहे का? पैसे आमच्या खात्यात येतात का?

खरं आहे, पण खात्यात काही येत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि सगळे त्याला आरटीई म्हणतात. त्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. या मुलांची फी सरकार थेट शाळेला देतं. त्याला शुल्क प्रतिपूर्ती म्हणतात.

किती देतं? सरकारी शाळेत दर मुलामागे होणारा खर्च किंवा त्या खासगी शाळेची प्रत्यक्ष फी, यातली कमी असेल ती रक्कम. महाराष्ट्रात गेली काही वर्षं हा आकडा वर्षाला १७,६७० रुपये आहे. शाळेची फी लाखभर असली तरी सरकारकडून तेवढेच. उरलेला फरक पालकांकडून घ्यायची शाळेला मुभा नाही. हे पैसे वेळेवर येत नाहीत ही शाळांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. पण तो हिशेब शाळा आणि सरकार यांच्यातला आहे. तुमच्या मुलाला त्याची झळ लागता कामा नये.

२. नक्की कोणाला बसतं?

दोन गट आहेत. वंचित गटात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग मुलं, एचआयव्ही बाधित किंवा प्रभावित मुलं आणि अनाथ मुलं येतात. कोविडमध्ये आई किंवा वडील गेलेल्या मुलांचाही पुढे यात समावेश झाला. दुर्बल गटात ज्यांच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत आहे अशी मुलं येतात. खुल्या प्रवर्गातले आणि अल्पसंख्याक पालक बहुधा याच दारातून जातात.

३. आम्ही ओबीसी आहोत, पण उत्पन्न लाखाच्या वर आहे. अर्ज करायचा की नाही?

करायचा. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही. २०१८ च्या आधी ओबीसी, भटके-विमुक्त यांनाही एक लाखाची मर्यादा होती. ती बातमी अजून कानोकानी फिरते आहे आणि त्यामुळे दरवर्षी पात्र पालक घरी बसतात. गेल्या हंगामात एक रिक्षावाले दादा तीन वर्षांपूर्वी "बसत नाही" म्हणून कुणीतरी परत पाठवलेली मोठी मुलगी आणि आता धाकटा, असे दोघांना घेऊन आले. मुलीचं वय निघून गेलं होतं.

४. वयाचं गणित काय?

३१ डिसेंबरला मोजलेलं वय धरतात. नर्सरीला किमान ३ वर्षं पूर्ण, ज्युनियर केजीला ४, सिनियर केजीला ५, पहिलीला ६. वरची मर्यादाही असते. पहिलीसाठी ७ वर्षं ५ महिने ३० दिवस, आणि खालच्या वर्गांसाठी त्याच बेताने एकेक वर्ष कमी. पण मुलाला कुठला वर्ग मिळेल ते तुम्ही ठरवत नाही. शाळेने आरटीईच्या पोर्टलवर (अर्ज भरायच्या सरकारी वेबसाइटवर) प्रवेशस्तर म्हणून जो वर्ग नोंदवला असेल, त्याच वर्गात जागा असतात. नर्सरी चालवणाऱ्या कितीतरी शाळांच्या आरटीई जागा पहिलीला असतात. अशा शाळेसाठी बालवाडीची आधीची वर्षं तुम्हालाच भागवावी लागतात (प्रश्न १८ पाहा).

५. घरापासून किती लांबची शाळा घेता येते? नकाशावर खूण कशी करायची?

अर्जात दहापर्यंत शाळा निवडता येतात. मुलं सोडतीने, म्हणजे लॉटरीने, निवडतात. तिच्यात आधी १ किलोमीटरच्या आतल्यांना प्राधान्य, मग १ ते ३ किलोमीटर. हे अंतर पोर्टल तुमच्या घराच्या नकाशावरच्या खुणेवरून मोजतं. म्हणजे अर्जातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुमचं शिक्षण नाही, धंदा नाही. तो लाल फुगा.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होतं. सायबर कॅफेवाला घाईत असतो. पत्ता टाइप करतो, नकाशा वॉर्डाच्या मधोमध कुठेतरी उघडतो आणि फुगा तिथेच राहतो. एका ताईंचं घर रेल्वेलाइनच्या अलीकडे, फुगा पलीकडे पडला. दारासमोरची शाळा कागदावर दीड किलोमीटरवर गेली. नंतर पडताळणीत पत्ता आणि खूण जुळली नाही म्हणून लागलेला नंबरही गेला. तेव्हा फोनवर घराच्या छपरापर्यंत मोठं करून पाहा, शेजारचं देऊळ, पाण्याची टाकी, दुकान ओळखा, आणि खूण बरोबर छपरावर आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच अर्ज पक्का करा. मुद्दाम शाळेजवळ खूण सरकवायचा सल्ला देणारेही भेटतील. त्यांचं ऐकू नका. प्रवेश रद्द होतो आणि मूल मधल्या मध्ये लटकतं.

६. आम्ही भाड्याने राहतो. घरमालक नोंदणी करून द्यायला तयार नाही.

नोंदणी न केलेला करारनामा चालत नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला असला तरी. दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा भाडेकरार लागतो. आता ही नोंदणी ऑनलाइनही होते. एजंट घरी येऊन अंगठा घेऊन जातो, त्यामुळे "वेळ नाही" ही मालकाची सबब टिकत नाही. त्याला खरी भीती असते भाडेकरू हक्क सांगेल याची. त्याला सांगा, नोंदलेला करारच मालकाला उलट जास्त वाचवतो.

भाडेकराराऐवजी त्याच पत्त्याचं आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, रेशनकार्ड किंवा राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक असेल तर तेही निवासाचा पुरावा म्हणून धरतात. म्हणून ज्यांना पुढच्या वर्षी अर्ज करायचा आहे त्यांनी आजच आधारवरचा पत्ता बदलून घ्यावा. भाड्याच्या पत्त्यावर तुम्ही खरंच राहता का हे कोणी येऊन पाहू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

७. कागद अर्जासोबत जोडायचे की नंतर?

तपासणी लॉटरीत नाव आल्यावर, पडताळणी समितीसमोर होते. म्हणून लोक म्हणतात, "आधी नंबर तर लागू दे." आणि नंबर लागल्यावर तहसीलला पळतात. पण निवासाचा पुरावा, जातीचं आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आधीचं असावं लागतं. नंतर काढलेला कागद अस्सल असूनही बाद होतो. आमच्याकडे चार दिवसांनी उशिरा नोंदलेल्या भाडेकरारामुळे गेलेली जागा आहे. त्या आई समितीच्या बाहेर बाकावर बसून फक्त तारीखच बघत राहिल्या होत्या.

जातीचा दाखला महाराष्ट्रातला हवा, परराज्यातला चालत नाही. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असेल तर वाद होत नाही.

८. आम्हाला हवी ती शाळा यादीत दिसतच नाही. शाळेने लबाडी केली का?

तसंच असेल असं नाही. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांना २५ टक्क्यांची अट लागू नाही. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वगळलं, आणि २०१४ च्या निकालाने सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना. नावावरून हे ओळखू येत नाही. भाषिक अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेचं नाव अगदी इंग्रजी असू शकतं. बोर्ड कोणतं याने मात्र फरक पडत नाही. सीबीएसई, आयसीएसई शाळांनाही २५ टक्के लागू आहे.

"सरकारी शाळा जवळ असेल तर खासगीत आरटीई नाही" हे अजून कुणी सांगत असेल तर ते जुनं झालं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने तशी अधिसूचना काढली होती. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना त्यात सूट दिली होती. शहरात अशी कोणती खासगी शाळा असते, जिच्यापासून किलोमीटरभरात पालिकेची शाळा नाही? मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती रद्दच केली. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही.

९. नंबर लागला, पण शाळा आम्हाला पसंत नाही. पुढच्या फेरीची वाट पाहू का?

नाही. निवड होऊनही प्रवेश न घेणाऱ्याला पुढच्या फेरीत संधी मिळत नाही. जी शाळा मिळाली तरी घालणार नाही ती दहाच्या यादीत टाकूच नका. रिकामे रकाने भरायचे म्हणून शाळा टाकणं हा जुना दोष आहे. एकदा आरटीईतून प्रवेश घेतलेल्या मुलासाठी पुन्हा अर्जही करता येत नाही.

१०. प्रवेश झाला. आता शाळा पुस्तकं, गणवेश, स्नेहसंमेलन यांचे पैसे मागते.

फी म्हणून काहीही मागता येत नाही. देणगी तर नाहीच. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करण्यालाही कलम १३ ने बंदी आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि नंतर दर वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापट.

पुस्तकं आणि गणवेश यांचं दुखणं वेगळं. "मोफत शिक्षण" म्हणजे ते पालकाच्या खिशातून जाऊ नये, असाच कायद्याचा रोख आहे. पण शाळा म्हणते सरकारने द्यावं, सरकार म्हणतं प्रतिपूर्तीत आलं, आणि जून उजाडतो तेव्हा पैसे मोजतो बापच. आमचा सल्ला असा: जे पैसे द्याल त्याची पावती मागा. पावती मागितली की अर्ध्या मागण्या आपोआप गळतात. उरलेल्यांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कलम ३२ प्रमाणे अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्याने समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे.

११. घर बदललं तर आरटीईची जागा नवीन शाळेत नेता येते का?

नाही. ती जागा त्या शाळेतली आहे. दाखला काढला की संपलं. घर बदलताना भाड्यातला फरक आणि बसचा खर्च हे दोन्ही मांडून पाहा. बरेचदा दोन बस बदलून जुन्या शाळेत जाणंच स्वस्त पडतं.

१२. आठवीनंतर काय?

आठवीनंतर कायद्याचं संरक्षण संपतं. नववीला शाळा नेहमीची फी लावू शकते. हा धक्का फार मोठा असतो आणि त्याबद्दल प्रवेशाच्या वेळी कुणी बोलत नाही. काही शाळा सवलत देतात, पण ती त्यांच्या मर्जीने.

यावर लोक एनएमएमएस शिष्यवृत्तीचं नाव घेतात. आठवीत परीक्षा, निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेतलं मूल, आरटीईतून आलेलं असलं तरी, त्यात बसत नाही. म्हणून आम्ही सातवीतच पालकांना बसवून विचारतो: पुढची दोन वर्षं ही फी झेपेल, की चांगली अनुदानित शाळा पाहायची? अनुदानित शाळेत जाणं म्हणजे खाली घसरणं नव्हे. आमच्या टेबलावरचे निम्मे स्वयंसेवक तिथूनच आलेत.

१३. आरटीईत नंबर लागला नाही. शाळेने फी वाढवली आहे. काही करता येतं का?

एकट्याने फार नाही. मिळून बरंच. महाराष्ट्रात शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. फी शाळा एकटी ठरवत नाही, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. संस्थेने आपला प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो.

या समितीत पालक सोडतीने निवडले जातात. त्या दिवशी शाळेत किती पालक असतात? आम्ही पाहिलेल्या एका सभेला चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि बसलेले सात. वर्षभर फी-फी म्हणून ग्रुपवर ओरडणारे त्या दिवशी "ऑफिस आहे" म्हणाले. समितीने सही केली की पुढचं भांडण कठीण होतं. तरी वाट आहे. या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर किमान २५ टक्के पालक एकत्र येऊन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतात.

१४. फी थकली म्हणून शाळा दाखला देत नाही, मुलाला वर्गाबाहेर बसवते.

आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही (आरटीई कायद्याचं कलम १६). वर्गाबाहेर बसवणं हा मानसिक छळ आहे, त्याला कलम १७ ची मनाई आहे. कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली हवी असेल तर दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. याचा अर्थ थकलेली फी माफ झाली असा नाही. शाळा ती तुमच्याकडून वसूल करू शकते, मुलाकडून नाही.

१५. भरलेल्या फीवर आयकरात सूट मिळते ना?

जुन्या करप्रणालीत असाल तरच. ज्याला सगळे अजून ८०सी म्हणतात (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला आहे), त्या दीड लाखाच्या एकूण मर्यादेत दोन मुलांच्या शाळेची शिक्षण फी (ट्यूशन फी) धरता येते. त्यातच तुमचा पीएफ आणि विम्याचा हप्ताही बसतो, त्यामुळे बऱ्याच नोकरदारांची मर्यादा फीपर्यंत यायच्या आतच संपते. देणगी, विकास निधी, बस, जेवण, खासगी क्लास धरत नाहीत. प्ले स्कूल आणि नर्सरीची फी धरतात, हे अनेकांना माहीत नसतं. पाळणाघराचे पैसे मात्र नाहीत. आई-वडील दोघं कमावते असतील तर ज्याने जेवढी भरली तेवढी त्याने दाखवायची. एकच पावती दोघांनी लावायची नाही.

१६. मिस्टर केंद्र सरकारी नोकरीत आहेत. त्यांना फी मिळते असं शेजारच्या वहिनी म्हणतात.

वहिनी बरोबर आहेत. बाल शिक्षण भत्ता दोन मुलांपर्यंत मिळतो, नर्सरी ते बारावी. सातव्या वेतन आयोगाने महिन्याला २,२५० रुपये ठरवले होते. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर १ जानेवारी २०२४ पासून ते २,८१२.५० झाले. वसतिगृहासाठी ८,४३७.५० रुपये. दिव्यांग मुलासाठी भत्ता दुप्पट. रक्कम ठरलेली आहे, फी कमी-जास्त असली तरी तेवढीच. फीच्या पावत्यांचा गठ्ठा लागत नाही, मूल त्या वर्षी शाळेत शिकलं असा मुख्याध्यापकांचा दाखला पुरतो. नवरा-बायको दोघं सरकारी नोकरीत असतील तर एकानेच घ्यायचा. दुसऱ्या खेपेला जुळं झालं तर तिघांचा मिळतो. मूल नापास झालं तरी मिळतो.

दिव्यांग महिला कर्मचाऱ्यांना मूल दोन वर्षांचं होईपर्यंत वेगळा बालसंगोपन भत्ताही आहे, सध्या महिन्याला ३,७५० रुपये. तो मागायचा असतो. आपणहून कुणी आणून देत नाही.

१७. माझ्या ऑफिसात ६० जण आहेत. पाळणाघर द्यायला हवं ना? नसेल तर पैसे मागता येतात का?

५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, हे मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. आकडा सगळ्या कर्मचाऱ्यांचा मोजायचा, फक्त बायकांचा नाही. एचआरवाले इथे हमखास गल्लत करतात. पाळणाघर ऑफिसातच हवं असं नाही, जवळच्या सामाईक किंवा खासगी पाळणाघराशी करार चालतो. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन यायची मुभा आहे.

बाहेरच्या पाळणाघराची पावती दाखवून पैसे घेता येतील का, हे तुमच्या कंपनीच्या धोरणावर आहे. मागणी मात्र लेखी करा, आणि शक्य तर चार-पाच जणींनी मिळून, ईमेलवर. एकटीने चहाच्या टेबलावर विचारलेल्या प्रश्नाची नोंद कुठेच होत नाही.

१८. घरकाम करते. खासगी पाळणाघर परवडत नाही. स्वस्त काही आहे का?

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी अंगणवाडी मोफत आहे, खाऊ आणि शिकवणं दोन्ही. अडचण वेळेची: ती दुपारपर्यंत आटोपते आणि तुमची दोन घरं त्यानंतर असतात. ही पोकळी भरायला केंद्राची पाळणा योजना आहे. जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं हे २०२२ नंतरचं नाव. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. काही अंगणवाड्यांनाच जोडून पाळणाघर चालवायची त्यात तरतूद आहे. तुमच्या वस्तीत असं केंद्र असेलच असं नाही, खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी नाही. अंगणवाडीताईंना विचारा, त्यांना नक्की ठाऊक असतं.

१९. नवरा वारला, दोन मुलं आहेत. फीला काही मदत?

फीच्या नावाने नाही, पण मुलांच्या नावाने आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अठरा वर्षांपर्यंत. अनाथ, एकल पालकांची, दुर्धर आजार असलेल्या पालकांची मुलं यात येतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, मंजुरी बालकल्याण समितीची. दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना: महिन्याला ४,००० रुपये, पण उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. एकाच मुलाला दोन्ही एकदम मिळत नाहीत. उत्पन्न बसत असेल तर आधी दुसरी विचारा.

बँक खातं मुलाच्या नावाने आणि आधारशी जोडलेलं असलं की पुढे अडत नाही. विधवा ताईंसाठी मृत्यूचा दाखला हा सगळ्या कागदांचा राजा. त्याच्या दहा प्रती काढून ठेवा.

२०. आम्ही बांधकामावर आहोत.

बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी केली आहे का? वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी जिवंत असेल तर पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० रुपये मिळतात, शाळेतल्या ७५ टक्के हजेरीच्या दाखल्यावर. नूतनीकरण चुकवू नका. मुलाचा अर्ज बरोबर आणि बापाचं कार्ड संपलेलं, हे आम्ही मोजायचं सोडून दिलं आहे.

२१. अल्पसंख्याक मुलांची पहिलीपासूनची शिष्यवृत्ती बंद झाली का?

हो. केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीसाठी थांबली. नववी-दहावीपुरती ठेवली.

२२. शाळा म्हणते फीचं 'नो कॉस्ट ईएमआय' करा. करू का?

कागदावर कर्ज देणारी कंपनी वेगळी असते. कंपनी वर्षाची फी शाळेला एकदम देते आणि तुम्ही तिचे कर्जदार होता. डिसेंबरात शाळा सोडली तरी हप्ते चालू राहतात. प्रक्रिया शुल्क, हप्ता चुकल्याचा दंड आणि शाळा सोडल्यास परतावा कोण देणार, ही तीन उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय ओटीपी सांगू नका. बऱ्याच शाळा नुसतं विचारलं तरी चार हप्ते पाडून देतात, बिनकर्जाचे.

२३. एकजण पंधरा हजारांत आरटीईचा नंबर लावून देतो म्हणतो.

अर्जाला एक रुपयाही लागत नाही आणि सोडत राज्यस्तरावर एकदम निघते. तो दहाजणांकडून पैसे घेतो. त्यातल्या दोघांचे नंबर आपसूक लागतात, बाकीच्यांना "साहेब बदलले" सांगतो. जागा खोटा कागद लावून मिळवली आणि ती पुढे उघडी पडली, तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. तो एजंट तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

२४. नवऱ्यापासून वेगळी राहते, घटस्फोट झालेला नाही. त्याची कागदपत्रं मिळत नाहीत. अर्ज कसा भरू?

घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा निकाल, आणि प्रकरण चालू असेल तर ते न्यायप्रविष्ट असल्याचा पुरावा जोडून आईच्या पत्त्यावर अर्ज भरता येतो. नुसतं "माहेरी राहते" याला कागद नाही, आणि समिती कागदावरच चालते. प्रकरण दाखल करायचं की नाही हा तुमचा निर्णय, शाळेसाठी तो घाईने घेऊ नका. जातीच्या दाखल्यासाठी मात्र वडिलांकडच्या नोंदी लागतात. सासरच्या एखाद्या नणंदेकडून, दिराकडून जुन्या शाळेच्या दाखल्याची प्रत मिळते का पाहा. आमच्याकडे आलेल्या एका ताईंना ती सासूने दिली, नवऱ्याला न सांगता, रेशनच्या पिशवीत घालून.